अंगाऱ्याला शिकवणार कोण?

राजेहो, आज जरा लांबलचक लिहितो आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

१५ फेब्रुवारी ते १५ जून. वनखात्याच्या हिशेबात हे चार महिने वणव्याचा हंगाम. आपल्या हिशेबात ही लग्नसराई, परीक्षा, कूलरची दुरुस्ती आणि चिखलदऱ्याची ट्रिप. परतवाड्याहून घाट चढताना रात्री समोरच्या डोंगरावर लाल ठिपक्यांची माळ दिसते. गाडीतली लेकरं खिडकीला नाक लावतात, बाप मोबाईल काढतो, अर्ध्या तासात स्टेटसला फोटो. त्या माळेच्या अलीकडे, दहा-वीस हातांवर, कोणीतरी हिरवी डहाळी घेऊन ती आग झोडपत असतो. फोटोत तो दिसत नाही.

त्याला आमच्या मेळघाटात अंगारी म्हणतात. कागदावर फायर वॉचर. हंगामापुरता, रोजंदारीवर, त्याच रानातल्या गावातला, बहुतेक वेळा कोरकू. पाऊस पडला की त्याचं काम संपतं आणि पुढच्या हंगामात त्याला बोलावतील की नाही, ते त्यालाही माहीत नसतं. आजची पोस्ट त्याच्याबद्दल आहे, आणि त्याच्या शिक्षणाबद्दल.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. नोकरीतली चौदा वर्षं मेळघाटात काढली, आता अकोटला राहतो. वनखात्यात मी कधीच नव्हतो, त्यामुळे मला तज्ज्ञ वगैरे समजू नका. पण माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं आज अंगारी आहेत. कोणाला काय शिकवलं, किती शिकवलं आणि ते त्याच्या कामी आलं का, एवढंच पाहायची मास्तराला सवय असते. त्या नजरेनं मी हे पाहतो.

आधी शिक्षण कुठं मिळतं ते पाहू. चिखलदऱ्याला वनखात्याची प्रशिक्षण संस्था आहे, हे अमरावतीच्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं. पॉइंट पाहायला जाताना आपण तिच्या आसपासूनच जातो. राज्यात चंद्रपूर, कुंडल, शहापूर, जालना, पाल इथंही अशी प्रशिक्षणाची ठिकाणं आहेत. वनरक्षकाच्या भरतीत पोरांना ५ किलोमीटर आणि पोरींना ३ किलोमीटर धावावं लागतं. निवड झाली की काही महिने प्रशिक्षण. त्यात कायदा, मोजणी, रोपवन, वन्यप्राणी, पंचनामा आणि आगही येते. हे चांगलंच आहे. हिरव्या वर्दीतल्या पोरापोरींना मी नावं ठेवणार नाही. एकटी वनरक्षक मुलगी भर उन्हात आख्खं बीट पायी फिरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा प्रश्न वर्दीच्या पलीकडचा आहे. आग लागली की वनरक्षक एक असतो आणि त्याच्यासोबत आठ-दहा अंगारी असतात. त्या एकाचं शिक्षण महिन्यांत मोजतात, उरलेल्यांचं तासांत. हंगामाच्या तोंडावर बैठका होतात, कार्यशाळा होतात, पेपरात फोटोही येतो. त्या व्हाव्यातच. पण मला भेटलेल्या अंगाऱ्यांना जेव्हा जेव्हा विचारलं की बाबा, तुला आग विझवायला शिकवलं कोणी, तेव्हा बहुतेकांचं उत्तर एकच आलं: "बापानं."

आता जंगल कसं पेटतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आपलं मेळघाट हे सागाचं कोरडं, पानगळीचं जंगल. कोरकूत सिपना म्हणजे साग, आणि आपल्या नदीचं नावही सिपना, यावरून ओळखा साग किती. फेब्रुवारी-मार्चात सागाची पानं गळतात. एकेक पान सुपाएवढं, वाळून कुरकुरीत. जमिनीवर त्याचा थर बसतो. त्यात गवत, बांबूची सुकी पात, घाणेरीची झुडपं. आपल्याकडची आग सिनेमातल्यासारखी शेंड्यांवरून उड्या मारत जात नाही. ती जमिनीवरून सरपटत येते. म्हणूनच लोक तिला हलकं समजतात.

ही आग आभाळातून पडत नाही. माणूसच लावतो, कधी जाणून, कधी नकळत. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग तिथं थांबत नाही. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून पेटवतात. ताजं गवत यावं म्हणून पेटवतात. बिडीचं थोटूक असतं, पर्यटकाची सिगारेट असते. आणि फक्त कोरकूंकडे बोट दाखवू नका बरं. पोहरा-मालखेडच्या बाजूला, काटेपूर्णेच्या कडेला, पातूरच्या टेकड्यांखाली, अकोट-तेल्हाऱ्याच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आपण शेतकरी काय करतो? एप्रिल-मे मध्ये धुरे पेटवतो, पऱ्हाटीचे ढीग पेटवतो, आणि वारा सुटला की हात झटकून घरी येतो. धुऱ्यावरची आग वनहद्दीचा दगड पाहून थांबत नाही.

यावर जुना उपाय म्हणजे जाळरेषा. उन्हाळ्याआधीच ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापून, वाळवून, देखरेखीत जाळून टाकायचं, म्हणजे नंतर आग आली तरी तिला पुढं खायला काही उरत नाही. ही कल्पना आपल्या शेजारची आहे. बैतूलच्या पलीकडे, आज सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येणाऱ्या बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात कर्नल पिअरसन या अधिकाऱ्यानं आगीपासून संरक्षणाचे प्रयोग केले. हिंदुस्थानातलं जंगल उन्हाळ्यात जळणारच, असं तेव्हा पुष्कळ साहेबांना वाटायचं. बोरीनं ते खोटं पाडलं. मेळघाटही त्याच काळात राखीव झालं. म्हणजे आपल्या सातपुड्यात आगीशी लढायचा सरकारी अनुभव दीडशे वर्षांहून जुना आहे. जाळरेषा आखणारे साहेब बदलत गेले, पण गवत कापणारे आणि जाळणारे हात तेव्हाही याच डोंगरांतल्या गावांचे होते.

आता तर उपग्रह आले. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरून आगीचे ठिपके टिपते आणि नोंदवलेल्या मोबाईलवर संदेश पाठवते. त्यातला एक जुना सेन्सर एक किलोमीटरच्या चौकटीत आग पाहतो, नवा ३७५ मीटरच्या. नवा वाला दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातो. फार कामाची गोष्ट आहे, थट्टा नाही. पण ३७५ मीटरची चौकट म्हणजे ३५ एकरांचा तुकडा होतो. त्यात खोरं कुठं, कडा कुठं, पाणी कुठं आणि पळायची वाट कुठं, हे उपग्रह सांगत नाही. शिवाय तो संदेश शेवटी ज्याच्यापर्यंत जायला हवा, त्याच्या गावात टॉवर नसतो. मेळघाटात कोणत्या झाडाखाली कोणत्या कंपनीची रेंज येते, हे पोरांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ असायचं.

उपग्रहानं आग दाखवली तरी विझवायला माणूसच जातो. आणि कधीकधी तो परत येत नाही.

८ एप्रिल २०२१. आपल्याच विदर्भात, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात, आग विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून गेले, दोघे गंभीर जखमी झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात तीन वन वॉचर असेच गेले. १३ जून २०२४ ला उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात चौघे गेले, चौघे भाजले. तिन्ही ठिकाणचे मृत पाहा. वॉचर, मजूर, रोजंदार, खालच्या पायरीचा कर्मचारी. आग पदाप्रमाणे माणूस निवडत नाही, पण आपण मात्र तिच्यासमोर कोणाला उभं करायचं ते पगाराप्रमाणे निवडतो.

नागझिऱ्याची बातमी आली, तेव्हा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. लागला नाही. दोन दिवसांनी त्याचाच आला. त्याच्याबद्दल सांगतो, कारण त्याच्यामुळेच मी या विषयाच्या मागे लागलो.

हा पोरगा माझ्याकडे चौथीपर्यंत होता. गणितात बरा, धावण्यात पहिला. त्याच्या आदल्याच वर्षी आग विझवताना त्याचे दोन्ही पाय पोळले होते. कोणतं परिक्षेत्र, कोणाच्या हाताखाली, ते मी लिहीत नाही. मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा तो ओसरीत खाटेवर बसला होता, पायांना मलम लावलेलं.

"काय झालं रे?"

"गुरुजी, चप्पल वितळली. तळवा पायालेच चिकटला."

"बूट नव्हते दिले?"

"कागदावर असतीन."

"अंगात काय होतं?"

"हाच शर्ट." पॉलिस्टरचा होता. बाहीवर तीन-चार भोकं, कडा वितळून कडक झालेल्या. तो हसत होता. "मले काई नाई झालं गुरुजी. माह्यासंगचा पोट्टा धुरात पडला व्हता, त्याले ओढून आणलं."

"तुम्हाला आधी काही शिकवलं होतं का?"

"सायबानं मीटिंग घेतली व्हती. आग दिसली का फोन करा म्हणे. तिथं टावर कुठं हाय?"

त्याला दवाखान्याचा खर्च मिळाला नाही, बुडालेला रोजही मिळाला नाही. दुसऱ्या कोणाला मिळतच नाही असं मी म्हणत नाही. त्याला मिळाला नाही. हंगाम संपला होता, हजेरीपट बंद झाला होता. पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा गेला. घरात खाणारी पाच तोंडं, दुसरं काम नाही.

मी त्याला विचारलं, की धुरात सापडलात तेव्हा बाहेर कसे आलात? त्यानं जे सांगितलं ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं आहे. "बाप सांगे, आग चढावावर तुह्यापेक्षा जोरात पळते. वर नको जाऊ. काळ्यात जा." काळ्यात, म्हणजे जिथं आधीच जळून गेलंय तिथं. तो आणि त्याचा जोडीदार आगीची पातळ कडा ओलांडून जळलेल्या भागात घुसले. त्यात पाय पोळले. जीव वाचला.

आता हे ऐका. ५ ऑगस्ट १९४९ ला अमेरिकेत मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाच्या खोऱ्यात आग लागली होती. ती विझवायला विमानातून उड्या मारणाऱ्या तरुणांची तुकडी उतरली. तगडी पोरं, त्या काळातलं उत्तम प्रशिक्षण. आग खालून उलटली आणि गवताळ चढावावर त्यांच्या मागे लागली. सगळे वर पळाले. त्यांचा मुकादम वॅग डॉज मध्येच थांबला, समोरच्या गवताला त्यानं स्वतः काडी लावली, आणि ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडला. पोरांना हाका मारल्या, पण कोणी ऐकलं नाही. मुकादम येडा झाला, असंच त्यांना वाटलं असणार. कारण ही गोष्ट त्यांना कधी शिकवलीच नव्हती. तेरा जण गेले. डॉज वाचला.

माझ्या विद्यार्थ्याच्या बापानं मॅन गल्चचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही. तरी दोघांचं शहाणपण एकच: काळ्यात जा. फरक पुढं पडला. अमेरिकेनं त्या तेरा मृत्यूंचा अभ्यास केला. पुढं १९५७ मध्ये आगीवर जाणाऱ्या प्रत्येकासाठी दहा नियम लिहून काढले. १९९१ मध्ये पॉल ग्लीसन या अनुभवी आगवाल्यानं त्याचं सार चार शब्दांत आणलं: टेहळणी, संपर्क, सुटकेची वाट, सुरक्षित जागा. एक माणूस उंचावरून आगीवर नजर ठेवणार. त्याचा आवाज किंवा वायरलेस सगळ्यांपर्यंत पोचणार. आगीला हात लावण्याआधीच पळायच्या दोन वाटा ठरणार. आणि त्या वाटा जिथं जातात ती जागा खरोखर सुरक्षित आहे, हे पाहून घेतलेलं असणार. या चार गोष्टी नसतील तर कामच सुरू करायचं नाही.

आपल्याकडे बापाचं शहाणपण बापापाशी राहिलं. कोणी ते लिहून घेतलं नाही, कोणी ते दुसऱ्याच्या पोराला शिकवलं नाही. ज्याचा बाप अंगारी नव्हता त्यानं काय करायचं?

काही जण म्हणतील, मास्तर, डहाळीनं आग झोडपायला कसलं आलंय प्रशिक्षण? तर शिकवण्यासारखं काय आहे ते सांगतो. चढ जितका खडा, तितकी आग वेगात. ढोबळ नियम असा की उतार दहा अंशांनी वाढला की वेग दुप्पट. अरुंद घळ ही धुराड्यासारखी आग वर ओढते, तिच्या तोंडाशी उभं राहायचं नाही. दुपारी वारा आणि ऊन दोन्ही आगीच्या बाजूनं असतात. पहाटे हवेत ओल येते, तेव्हा तीच आग निम्मी ताकद लावून विझते. समोरून भिडायचं नाही, कडेकडेनं दाबत जायचं. उलटी आग लावायची तर कधी, कोणी आणि कोणाच्या हुकमानं. पाठीवरचं ब्लोअर पाला उडवून मोकळी रेघ करायला उत्तम, पण पेटता पाला पुढं उडवला की तेच ब्लोअर आग पसरवतं. आग विझली म्हणून घरी यायचं नाही. धुमसणारं लाकूड रात्री गडगडत खाली जातं आणि नवी आग लावतं. नायलॉन-पॉलिस्टर घालायचं नाही, ते वितळून कातड्याला चिकटतं. सुती, लांब बाह्यांचं घालायचं. धुरानं माणूस गुंगला तर काय करायचं, भाजलेल्या जागी टूथपेस्ट का लावायची नाही, किती पाणी सोबत न्यायचं. हे सगळं पाच दिवसांत शिकवता येतं. मी आयुष्यभर शिकवत आलो. कोणता धडा किती दिवसांचा असतो ते मला कळतं.

आणि हे शिक्षण एका बाजूनं नको. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या नव्या वनरक्षकाला कायदा येतो, जीपीएस येतं, पण या नाल्यात वारा संध्याकाळी उलटा फिरतो हे त्याला माहीत नसतं. ते साठ वर्षांच्या म्हाताऱ्या अंगाऱ्याला माहीत असतं. मग त्या म्हाताऱ्याला चिखलदऱ्याच्या वर्गात खुर्चीवर बसवून मानधन देऊन शिकवायला का बोलवू नये? शिकाऊ वनरक्षक आणि गावचे अंगारी एकाच वर्गात, एकाच डोंगरावर, एकत्र सराव करताहेत. पुढं खऱ्या आगीत हेच दोघं एकमेकांच्या भरवशावर असणार आहेत. ओळख तिथंच होऊ द्या की.

भरवसा म्हटला म्हणून एक अवघड गोष्ट बोलतो. मी अकोटला राहतो. व्याघ्र प्रकल्पातून उठवून आमच्या भागात वसवलेल्या गावांचे लोक बाजारात रोज भेटतात. २०१९ च्या जानेवारीत त्यातले काही जण परत जंगलात गेले, गुल्लरघाटच्या भागात वनखातं आणि गावकरी समोरासमोर आले, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मी इथं करत नाही. पण ज्या माणसाला वाटतं की हे जंगल आता माझं नाही, त्यानं ते विझवायला जीव का घालावा? १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम ७९ सांगतं की जंगलात ज्यांना हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. जंगलालगतच्या गावातला सरकारी पगार घेणारा माणूससुद्धा त्यात येतो. म्हणजे ग्रामसेवक, तलाठी, आणि झेडपीचा मास्तरही! चौदा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, निवृत्तीनंतर वाचलं. कर्तव्य कायद्यात लिहून ठेवलं, शिक्षण मात्र कुठंच लिहिलं नाही.

उलट बाजूही पाहा. परतवाड्याजवळचं पायविहीर. उजाड टेकडी होती. २०१२ मध्ये गावाला तिच्यावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं झाडं लावली, राखली, तिथलं सीताफळ मुंबईपर्यंत विकलं, आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार घेतला. टेकडी आपली झाली की राखण आपोआप येते, हे तिथं दिसलं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिलाच आहे. अधिकार आहे, तर त्या अधिकारासोबत लागणारं कौशल्य द्यायची जबाबदारी कोणाची?

तर माझं म्हणणं चार ओळींत असं आहे.

एक. चिखलदऱ्याच्या प्रशिक्षण संस्थेत दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत अंगाऱ्यांसाठी पाच दिवसांचा निवासी वर्ग असावा, अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक परिक्षेत्रातून आळीपाळीनं, आणि त्या पाच दिवसांचा रोज द्यावा. रोज बुडवून कोणी शिकायला येणार नाही.

दोन. वर्ग केलेल्याला कार्ड द्यावं. पुढच्या हंगामात कामावर घेताना कार्डवाल्याला आधी घ्यावं. त्यानं अनुभव टिकेल, दरवर्षी नवा कच्चा माणूस आगीत ढकलला जाणार नाही.

तीन. चामड्याचे बूट, सुती कपडे, पाण्याची बाटली, प्रथमोपचाराची पेटी आणि गटामागे एक वायरलेस. हे हातात दिल्याची सही अंगाऱ्याकडून नव्हे, ग्रामसभेत वाचून घ्यावी. आणि हंगामभराचा अपघात विमा, ज्याचा कागद घरच्या बाईच्या हातात असेल.

चार. पायथ्याच्या गावांत धुरे कधी आणि कसे जाळायचे, याचा अर्ध्या दिवसाचा वर्ग कृषी सहायक आणि वनरक्षकानं मिळून घ्यावा. आग आपल्या वावरातून जाते, तर शिकायचंही आपण.

पैसा कुठून आणायचा म्हणाल, तर जंगल तोडल्याच्या मोबदल्यात जमा होणारा कॅम्पाचा निधी आहे. आगीपासून संरक्षण हा त्याच्या मान्य कामांपैकीच आहे. पर्यटनातून व्याघ्र प्रकल्पाला मिळणारा पैसा आहे. आणि इमारत तर बांधायचीच नाही. ती चिखलदऱ्याला उभी आहे.

मला ठाऊक आहे, कोणी म्हणेल की पाच दिवसांच्या वर्गानं वणवे थांबणार नाहीत. नाहीच थांबणार. साग आहे तोवर पाला गळणार, मोह आहे तोवर कोणीतरी काडी लावणार. या वर्गानं एवढंच होईल की आग विझवायला गेलेला पोरगा संध्याकाळी घरी येईल. माझ्या दृष्टीनं ते पुरेसं आहे.

माझा विद्यार्थी अजून जातो. मागच्या दिवाळीत भेटला, तेव्हा त्याचा मुलगा सोबत होता, नववीतला. म्हटलं, याला काय करणार? तो म्हणाला, "फॉरेस्टमधी भरती करीन म्हणतो गुरुजी. वर्दीत." मग थोडा थांबून म्हणाला, "नाई झाली भरती तं अंगारी हायेच." त्या पोराला दोन्हींपैकी काहीही झालं, तरी शिकूनच आगीसमोर जाता यावं.

हे काम फेब्रुवारीत आठवून होत नाही. आता ग्रामसभा होतील, तेव्हा एक ठराव मांडा: आमच्या गावच्या अंगाऱ्यांना प्रशिक्षण, बूट आणि विमा मिळावा. ठरावाची एक प्रत परिक्षेत्र कार्यालयात द्या, पोच घ्या, एक प्रत आपल्या आमदाराला द्या. शहरातल्या मित्रांनी एवढं करा: घाटात आग दिसली की फोटोआधी १९२६ वर फोन करा, हा वनखात्याचा टोल फ्री नंबर आहे. आणि तुमच्या गावात कोणी अंगारी असेल, तर त्याच्या पायात काय आहे ते एकदा पाहून या, आणि खाली लिहा. मी सगळं एकत्र करून अर्जासोबत जोडणार आहे.

#मेळघाट #अंगारी #वणवा